तीनशे तीस दिवसांचा साक्षीदार

मित्रांनो, मी एक निवृत्त निळा पासपोर्ट आहे. मेक्सिकोतल्या आहिहिक गावी, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात माझा मुक्काम असतो. माझी मालकीण लॉर्ना एकरमन मूळची अमेरिकेतल्या नेब्रास्काची. माझ्या पहिल्या पानावर तिचा फोटो आहे. हसायचं नाही असा नियम असल्यामुळे त्यात ती नुकतीच कुणाशी तरी भांडून आल्यासारखी दिसते.

लॉर्ना इथे घरी बसून नेब्रास्कातल्याच ओमाहा शहरातल्या एका प्रकाशनासाठी पाककृतींची पुस्तकं तपासते. अमेरिकेचा माणूस जगात कुठेही राहो, कराचे कागद मायदेशी भरावेच लागतात. मात्र बारा महिन्यांत तीनशे तीस पूर्ण दिवस देशाबाहेर काढले, तर ठरावीक मर्यादेपर्यंतच्या कमाईवर आयकर माफ होतो. म्हणजे मायदेशी जायला उरतात पस्तीस दिवस, आणि विमानात गेलेला दिवसही त्यातच धरायचा. आमच्याकडे मंगळवारच्या न्याहारीला जमणारी इथली अमेरिकन मंडळी एकमेकांची तब्येत नंतर विचारतात; आधी विचारतात, "किती उरले?" मग माझी पानं उलटली जायची. परतीचा एकेक शिक्का तारखेसह दाखवताना मला कोण अभिमान वाटायचा!

एका वर्षी फेब्रुवारीत भावाच्या शस्त्रक्रियेसाठी लॉर्ना बावीस दिवस ओमाहाला राहून आली. सप्टेंबरात अमेरिकेतल्या लेकीचा, टेसचा, फोन आला. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिचं बाळंतपण होतं, तेही पहिलंच, आणि आईने निदान तीन आठवडे तरी राहावं अशी तिची इच्छा होती. लॉर्नाने मला टेबलावर उघडलं, बोटांवर दिवस मोजले आणि सांगितलं की तेरा दिवसच उरलेत.

मग टेस म्हणाली, "आई, मी तुझी मुलगी आहे, कर खातं नव्हे."

त्या दिवशी लॉर्नाने जेवण केलं नाही. करमाफी गेली तर इथलं घर सोडावं लागेल, आणि लेकीकडे गेलं नाही तर लेक दुरावेल. मला फार वाईट वाटलं. तिला अडवणारे आकडे माझ्याच पानांवर होते ना!

दुसऱ्या दिवशी शेजारचा डेल प्रुइट तामाले, म्हणजे मक्याच्या पानात वाफवलेले सारणाचे पुडे, घेऊन आला. हा गृहस्थ चाळीस वर्षं हिशेबनीस होता आणि निवृत्तीनंतरही त्याची खोड गेली नव्हती. त्याने मला चाळलं, सगळं ऐकून घेतलं आणि हसू लागला.

"अगं बाई, बारा महिने जानेवारीपासूनच मोजायचे असं तुला कुणी सांगितलं?"

"सगळेच तसं मोजतात."

"सगळे गाढव आहेत. गेल्या नोव्हेंबरपासून या ऑक्टोबरपर्यंत मोज. त्यात तुझे बावीसच दिवस आहेत. मग मार्चपासून पुढच्या फेब्रुवारीपर्यंत मोज. त्यात फक्त ही बाळंतपणाची खेप. दोन्ही मिळून सबंध वर्ष झाकलं जातं. कायद्याला चालतं. फक्त पुढच्या फेब्रुवारीअखेरपर्यंत पुन्हा तिकडे फिरकू नकोस."

लॉर्नाने दोनदा मोजलं, तिसऱ्यांदा डेलला मोजायला लावलं आणि मग तामाले तसेच ठेवून टेसला फोन केला.

बाळ चांगलं नऊ दिवस उशिरा आलं. लॉर्ना बत्तीस दिवस राहिली. नातीला पाजून झालं की ढेकर काढायचं काम तिचंच होतं, आणि मी तिच्या पर्समध्ये दुधाच्या वासात सुखाने पडून असायचो. परतल्यावर विमानतळावर माझ्या शेवटच्या कोऱ्या पानावर शिक्का पडला. मंगळवारी न्याहारीला सगळ्यांनी माझं कौतुक केलं आणि घरी जाऊन आपापल्या पासपोर्टातले दिवस नव्याने मोजले.

आता माझी मुदत संपली आहे. नवा पासपोर्ट येताच माझ्याकडे कुणी बघेनासं झालं. थोडं लागतं मनाला, पण शिक्क्यांचा पुरावा म्हणून लॉर्ना मला जपून ठेवते.

मित्रांनो, जुने कागद टाकू नका, त्यांना ओल लागू देऊ नका. दिवसही जरूर मोजा. पण आपल्या माणसाला किती दिवस हवे आहेत ते आधी विचारा आणि मग कायदा वाचा. लॉर्नाने आधी कायदा वाचला होता, तोही अर्धाच; तेवढ्यापायी नातीचं पहिलं रडणं तिने फोनवर ऐकलं असतं.