दिवेलागणीचा रकाना

मी फळा बोलतोय. आधी सगळे नीट बसा. तीस वर्षं शिकवणीच्या खोलीत काढली आहेत, ही सवय आता जायची नाही.

माझा जन्म मिरजेतल्या एका सुताराच्या कारखान्यातला. सागवानी चौकट, आत प्लायवुड, वर काळ्या रंगाचे तीन हात. सांगलीच्या गावभागात शालनबाईंनी गणिताची शिकवणी काढली आणि घराच्या रस्त्याकडच्या खोलीत मला टांगलं. निम्म्या गावभागाचं त्रैराशिक माझ्या अंगावर पक्कं झालं. एकदा पुराचं पाणी माझ्या कमरेपर्यंत चढलं, त्याची रेघ अजून आहे. मुलं त्या रेघेवर सरळ ओळ लिहायला शिकली.

मग बाईंचे गुडघे दुखायला लागले आणि शिकवणी बंद पडली. त्यांचे यजमान जयपाल हळदीचे व्यापारी. त्यांनी माझ्यापुढे पोती रचली. चार वर्षं मी हळदीच्या आड शिंका दाबत काढली.

एक दिवस पोती हलली. जयपालांची सून कीर्ती पुण्याची नोकरी सोडून आली होती. सांगलीतच काहीतरी धंदा करायचा, असं तिनं मनाशी घेतलं होतं. तिनं मला ओल्या फडक्यानं पुसलं. मला ते मुळीच आवडत नाही, पण इतक्या दिवसांनी कुणीतरी हात लावला म्हणून गप्प बसलो.

जयपालांनी मुदत घातली. दसऱ्यापर्यंत धंदा उभा राहिला तर खोली तुझी, नाहीतर मोबाइलच्या दुकानाला भाड्यानं द्यायची. दुकानदार येऊन मापं घेऊन गेला. जाताना माझ्याकडं बोट दाखवून त्यानं विचारलं, हे भंगारातच घालायचं ना? त्या क्षणापासून मी कीर्तीच्या बाजूचा झालो.

रोज दुपारी सासू-सुना खडू घेऊन बसायच्या. हळदीचा साबण. बेदाण्याची चॉकलेटं. घरपोच भाकरी. कीर्तीनं भडंग लिहिलं तर बाईंनी ते लिहून व्हायच्या आत पुसलं, सांगलीत भडंग कोण करत नाही, म्हणाल्या. भाड्यानं रुखवत ही कल्पना दोन दिवस टिकली. या सगळ्या वेळात घरकामाची अंजना माझ्या पायाशी फरशी पुसत असायची. जतकडची बाई, बोलायला कमी, पण तिनं पुसलेल्या फरशीत मला माझा चेहरा दिसायचा.

एकदा कीर्तीच्या मैत्रिणीचा फोन आला. उद्या अचानक पाहुणे येतायत, तुमची अंजना दोन तास मिळेल का? कीर्तीनं फोन ठेवला, त्या ओल्या फरशीकडं बघितलं, आणि माझ्यावरचं सगळं पुसून एकच शब्द लिहिला, ‘सफाई’. फोन करा, तासाभरात बाई दारात. धंद्याचं नाव ठेवलं ‘हाक’. अंजनानं तिच्या गल्लीतल्या बनाबाई आणि हरणाबाईला बोलावून आणलं.

कीर्तीनं माझ्यावर वेळेचे रकाने आखले. पुण्यात लोक ऑफिस सुटल्यावर सफाईला बोलावतात, म्हणून संध्याकाळी सात ते नऊचा रकाना सगळ्यात रुंद. पहिल्याच दिवशी त्यात पाच नावं आली. मी फुगलो.

आठच्या आत तिघी परत आल्या, झाडू हातात तसेच. पाचही घरांत फोन सुनांनी केला होता आणि दार सासवांनी उघडलं होतं. दिवा लागल्यावर घरात झाडू? लक्ष्मीला बाहेर काढायला आलात का? एका सासूनं तर हळदकुंकू लावून, हातावर साखर ठेवून परत पाठवलं होतं.

शालनबाईंनी कपाळाला हात लावला. त्यांच्या स्वतःच्या घरात दिवेलागणीनंतर कुणाची झाडूला हात लावायची टाप नव्हती. पण रकाने आखताना दोघींना पुणं दिसत होतं, घर नाही. जयपाल दारात उभे होते. दसऱ्याला आठ दिवस राहिले होते.

“ऱ्हाऊ दे आता बाळा,” ते हळूच म्हणाले. “उद्या दुकानवाल्याला हो म्हणून सांगतो.”

कीर्ती खडू धरून तशीच उभी राहिली. मला भीती वाटली, खरंच वाटली. मग तिनं मागं वळून विचारलं, “अंजना, तुला माहीत होतं हे?”

“व्हय की वैनी. माझ्या घरात बी दिवा लागला की झाडू न्हाई धरत.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुमी कुटं जायाचं ते सांगितलं. इचारलं कवा?”

कीर्तीनं खडू अंजनापुढं धरला आणि म्हणाली, मग आता विचारते.

अंजनानं खडू घेतला नाही, पण बोलली. “तुमा लोकांची जेवणं दिस बुडायच्या आत व्हत्यात. सातला सैपाकघर मोकळं. शेगडी, वट्टा, डबं, मांडणी घासून काढू. त्याला झाडू कशाला लागतोय? झाडलोट सकाळच्याला.”

गावभागात सूर्यास्ताआधी जेवणारी जैन घरं किती, हे मला विचारा. त्यांच्या मुलांची हजेरी तीस वर्षं मी बघितली आहे. शालनबाईंनी एकच अट घातली. मुंग्यांवर फवारा मारायचा नाही, हळदीची रेघ ओढून त्यांना वाट दाखवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी जयपालांनी हळदीचा एक मोठा पुडा आणून माझ्याखाली ठेवला. दुकानदाराला त्यांनी दुसरी जागा शोधून दिली, असं नंतर कळलं.

दसऱ्याला माझ्या गळ्यात झेंडूची माळ पडली. आता दिवेलागणीचा रकाना रोज भरतो, आणि फोन सासवाच करतात. मधूनमधून नव्या कल्पना निघतात. पडदे धुवायचे का, गच्चीच्या टाक्या घासायच्या का. त्या लिहायच्या आधी सगळ्यांची नजर माझ्या वरच्या कोपऱ्याकडं जाते. तिथं कीर्तीनं त्या संध्याकाळीच लिहून ठेवलंय, ‘अंजनाला विचारलं का?’

माझं आता वय झालं. रंग उडालाय, एक खिळा सैल आहे. मला पुसा, खुशाल ओल्या फडक्यानं पुसा, मी कुरकुरणार नाही. फक्त तेवढा कोपरा सोडून पुसा.