मिरची येण्याआधीची आमटी

इतिहास शिकवताना माझं डोकं फार लवकर तापतं. “आठशे वर्षांपूर्वी आपल्याकडचे लोक काय खायचे?” असं पाचवीच्या पोरांना विचारलं, तर अख्खा वर्ग एका सुरात ओरडला, “ठेचा!” किल्ले, तलवारी तोंडपाठ, पण ताटाचा पत्ता नाही. मग मीही हट्टाला पेटले. शनिवारी त्या काळचं जेवण शाळेतच करायचं ठरलं. मिरची, शेंगदाणे, बटाटा, टोमॅटो समुद्रापलीकडून फार उशिरा आले, म्हणून ते बंद.

प्रांजलच्या वडिलांनाही, म्हणजे बाळासोंना, बोलावलं. प्रांजल म्हणजे वर्गातली सगळ्यात चौकस पोर, आणि बाळासो तिला जूनपासून जतच्या इंग्रजी शाळेत घालायला निघालेले. “हितं शिकवत्यात तरी काय?” हा त्यांचा प्रश्न. आमची शाळा सातवीपर्यंत आहे. प्रांजल मधेच गेली असती तर मला फार लागलं असतं.

शाळेची खिचडी शिजवणाऱ्या रंगूबाईंनी हुलग्याची, म्हणजे कुळथाची, आमटी केली, ज्वारीच्या भाकरी थापल्या. बाळासोंनी पहिला घास घेतला आणि खूश होऊन मान डोलावली. मला हायसं वाटलं. तेवढ्यात प्रांजलनं आमटी चाखली आणि वडिलांचं ताटच ओढलं.

“आबा, थांबा! ह्यात मिरची हाय!”

रंगूबाई पदर सावरत म्हणाल्या, “आवं, पाव्हणं जेवाय येणार आन मिळमिळीत वाढू व्हय?”

मी फणकारून काही बोलणार, तर बाळासो लेकीकडं बघत राहिलेले. “मिरची नव्हती? मग तिखट कशाचं गं?”

“मिऱ्याचं. मिरची जहाजातनं आली, आबा. भुईमुगाच्या शेंगाबी नव्हत्या तवा.”

“मग रानात काय पेरत हुते?”

“हुलगा, ज्वारी, तीळ, करडई.”

ते विचारत गेले, ती सांगत गेली. आमटी गार झाली. जाताना ते एवढंच म्हणाले, “जूनचं बघू.”

जूनमध्ये शाळा उघडली, तेव्हा मी दाराकडं बघायचंच टाळत होते. प्रांजल आली. मागून बाळासो आले आणि चपला काढून दारात उभे राहिले.

“मॅडम, हिचं ऐकून माझी आई घरात लय भांडाय लागलीया. शेंगा न्हाईत, बटाटा न्हाई, साबुदाणाबी न्हाई; मग एकादशीला मानसं खात काय हुती?”

“बसा,” मी म्हणाले. बापलेक एकाच सतरंजीवर बसले. मी खडू घेतला आणि भगरीपासून सुरुवात केली.