दंडातली नळी

सिरिंजमधला बुडबुडा वर सरकला आणि अण्णा वारले. मुलाने मनातल्या मनात नातेवाइकांना कळवूनही टाकलं. सिरिंज अजून नळीला जोडायचीच होती, ही बाब किरकोळ.

"झोपलास की काय?" अण्णांनी डोळे मिटूनच विचारलं.

वारण्याचा विषय तिथेच मिटला. त्याने सिरिंजला टिचकी मारून बुडबुडा बाहेर घालवला.

अण्णांच्या पायाच्या हाडात शिरलेले जंतू इस्पितळात पुरते मेले नव्हते. म्हणून घरी सोडताना दंडात नळी ठेवली होती. तिच्यातून अँटिबायोटिक रोज वेळेवर गेलं नाही, तर पाय कापावा लागेल, असं डॉक्टरांनी हवामान सांगावं तसं सांगितलं. आणि हे काम कुणाकडे, तर ज्याला अण्णांनी जन्मात कधी गॅस पेटवू दिला नाही, त्या धांदरटाकडे.

त्याने हात धुतले. पुन्हा धुतले. नळीचं तोंड पुसलं, सलाइनची सिरिंज जोडली, दट्ट्या दाबला. हलेना.

अडलं तर जोर लावायचा नाही, पेशंटला तसंच घेऊन यायचं, असं सिस्टरने बजावलं होतं. रक्ताची गाठ, ऑपरेशन, कुबड्या. कुबड्या भाड्याने मिळतात का, इथपर्यंत तो पोचला. हाताला कापरं भरलं होतं.

"थंडी वाजतेय मला," अण्णा म्हणाले. "दंड हलतोय माझा. जरा सांभाळून घे."

दंड दगडासारखा स्थिर होता. मिटलेल्या डोळ्यांपैकी एक मात्र किलकिला होता.

"चिमटा," ते पुटपुटले.

नळीवरचा चिमटा बंदच होता. तो उघडला, तसं सलाइन निमूट आत गेलं. मग औषध, सावकाश. मग पुन्हा सलाइन. सगळं आटोपून तो उठायला गेला, तर उठता येईना. त्याच्या सदऱ्याचं टोक अण्णांच्या मुठीत होतं, चुरगळून पार बोळा झालेलं.

दोघांनी भिंतीकडे पाहिलं. मूठ हळूहळू सुटली.

तेवढ्यात सिस्टरचा फोन आला. काही अडचण? मुलगा म्हणाला, छे, काहीच नाही. अण्णांनी फोन मागून घेतला. त्यांची हयात कचेरीत गेली होती. त्यांनी घसा साफ केला.

"सदर रुग्णास व औषध देणाऱ्यास भीती वाटणार नाही, असे इंजेक्शन तातडीने उपलब्ध करून द्यावे, ही विनंती. नग दोन."