रचना क्रमांक सातचं पाणी

चित्रं विकत घेऊन घरात लावणारा सोलापुरातला एकमेव माणूस मी, असं माझं मत होतं. दुसरा कोणी असलाच तर तो मला भेटला नव्हता, आणि भेटू नये अशी माझी इच्छाही होती. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. घर भाड्याचं, मुरारजी पेठेत. दोन खोल्या आणि पडवी. घरमालक रेवणसिद्धप्पांनी खोलीमागे दोन खिळ्यांची परवानगी दिली होती. पडवी त्यांनी उदार मनाने खोलीत धरली, म्हणून संग्रह सहा चित्रांचा. कपाट चित्राच्या आड येतं म्हणून ते मधोमध आणलं, ज्वारीचं पोतं कपाटामागे गेलं, आणि माझी बायको मालती स्वयंपाकघरातून चहा घेऊन यायची ती प्रदर्शनाला आल्यासारखी वळसे घेत.

सगळ्यांत मोठं चित्र नरसय्याचं. तो साखर पेठेतल्या विणकरांच्या घरातला. बाप सूत रंगवायचा. पोरगा मुंबईला जाऊन चार वर्षं पुन्हा रंगवायलाच शिकला, हे त्या बापाला शेवटपर्यंत उमगलं नाही. चित्र पुरुषभर उंचीचं आणि सगळं निळं. वर फिकट, खाली गडद, मधे एक आडवी पांढुरकी रेघ. नाव ‘रचना क्रमांक सात’.

“हे कशाचं आहे?” मी घेताना विचारलं होतं.

नरसय्याने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. “सर, कशाचंच नाय. निळं आहे. बघायचं.”

तेव्हापासून मला कोणी तो प्रश्न विचारला की मीही तसंच पाहत असे. नजर जमायला मला एक महिना लागला.

त्र्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात नळाला चार दिवसांनी पाणी येई, आणि आलं तरी करंगळीएवढं. माढ्याकडच्या खेड्यातून मालतीची आत्या सोजरबाई एक गाठोडं घेऊन आमच्याकडे आली. विहिरीचा तळ दिसला, बैल छावणीत गेले, मग मागे बसून राहण्यासारखं काही उरलं नाही. ती रडली नाही, बोललीही फारसं नाही. फक्त झोपेना. आठ दिवस उंबऱ्यात बसून समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. त्यांचा गुण येतो का म्हणून एक मी घेऊन पाहिली. मला उत्तम झोप लागली. तिला नाही.

“अहो, अशानं आत्या हातची जायची,” मालती म्हणाली.

नवव्या दिवशी दुपारी ऊन उंबऱ्यापर्यंत आलं म्हणून सोजरबाई आत सरकली आणि नेमकी क्रमांक सातपुढे बसली. बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, “गार हाय की.” आणि तिथेच फरशीवर, हात उशाला घेऊन, झोपली. संध्याकाळी उठली तेव्हा तिने दोन भाकरी खाल्ल्या.

मी शिक्षक. चूक दुरुस्त करणं माझा धर्म. “आत्याबाई, ते पाणी नाही.”

“मग काय हाय?”

“काहीच नाही. निळं आहे.”

“पानी बी तसंच असतंय की, जावईबापू.”

मी विषय बदलला.

गल्लीत बातमी फिरली. नळावरून कोरड्या घागरी घेऊन परतणाऱ्या बाया दुपारी आमच्याकडे वळू लागल्या. घागरी पडवीत, बाया चित्रापुढे. माझे सहकारी प्राध्यापक तीन वर्षं माझ्या आग्रहाखातर हे चित्र बघायला येत आणि चहाकडे बघत. आता अकरा बायका तासभर मुकाट बसून अमूर्त चित्र बघत होत्या. खोलीतलं तापमान उतरलं असं मी म्हणणार नाही, माझ्याकडे आकडे नाहीत. पण आवाज बदलले होते. कोणी खाकरलं तर ते खोल जाऊन, भिंतींना लागून, जरा उशिरा वर यायचं. स्वयंपाकघरातल्या मालतीच्या बांगड्या पैलतीरावर वाजल्यासारख्या वाजत. छतावर एक उजेडाचा कवडसा हलत असे. खिडकी बंद असताना. पेपर तपासता तपासता माझी मान खाली जायची आणि जिभेवर शेवाळ्याची चव यायची. विद्यार्थ्यांना त्या वर्षी मार्क बरे पडले.

मग एक दिवस सोजरबाईने बायांना दारातूनच परत पाठवलं.

“आटाया लागलंय,” ती मला म्हणाली. “लई बघत्यात समद्या. बघून बघून सरतंय. काल हितवर हुतं.” तिने पांढुरक्या रेघेच्या वर दोन बोटं ठेवून दाखवली.

मी पट्टी आणली. रेघ खालून बावीस इंचांवर होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजली. बावीस. तिला तसं सांगितलं.

“तुमची पट्टी कोरडी हाय,” ती म्हणाली.

त्यानंतर आम्ही जपून बघू लागलो. तिच्या झोपेपुरतं राहावं म्हणून मालती डोळे खाली घालून तिथून जायची. पुढे मीही. स्वतःच्या संग्रहापुढून मान खाली घालून जाणारा मी बहुधा पहिलाच संग्राहक असेन.

अशात मुंबईहून नरसय्याचं पत्र आलं. तिथल्या मोठ्या प्रदर्शनात त्याची चित्रं लागणार होती, क्रमांक सात हवं होतं. माहितीपत्रकात छापणार होते : ‘प्रा. गंगाधर देठे, सोलापूर, यांच्या संग्रहातून.’ ती ओळ मी एका उत्तरपत्रिकेच्या मागे सुवाच्य अक्षरात लिहून पाहिली. स्वल्पविरामांसकट सुंदर दिसत होती. माझ्या आयुष्यात ‘संग्रह’ हा शब्द माझ्याशिवाय पहिल्यांदाच कोणी वापरला होता.

“आणि आत्या?” मालतीने विचारलं.

“महिन्याभराचा प्रश्न आहे.”

“आठ दिवसांत तिचं काय झालं होतं?”

“चित्र लोकांनी बघावं लागतं, मालती.”

“मग आम्ही काय करत होतो?”

मी नरसय्याला होकार कळवला.

तो रविवारी दुपारी आला. जाड चादर, सुतळी, सगळं घेऊन. सोजरबाई झोपली होती. आम्ही दोघांनी चित्र अलगद उतरवलं आणि भिंतीला टेकवून फरशीवर ठेवलं. तेवढ्याने ती जागी झाली. उठून गाठोडं खाटेवर ठेवलं, नऊवारी गुडघ्यापर्यंत वर खोचली आणि म्हणाली, “जावईबापू, पाय वर घ्या.”

मी खुर्चीत बसून पाय वर घेतले.

“कुटं न्हेतोस, लेकरा?” तिने नरसय्याला विचारलं.

“मुंबईला, आज्जी.”

“तितं समुद्र हाय म्हंत्यात.”

“आहे की.”

“मग तितं कशाला आनिक पानी?”

नरसय्याच्या हातात चादर तशीच राहिली. “सर, हिला सांगा ना जरा.”

वाक्य माझ्याकडे तयार होतं. कशाचंच नाही, निळं आहे. तीन वर्षं मी ते लोकांना ऐकवत आलो होतो. मी तोंड उघडलं आणि सोजरबाईकडे पाहिलं. तिचे डोळे पुन्हा त्या पहिल्या आठ दिवसांसारखे झाले होते, पापणी न लवणारे. छापील ओळ माझ्यासमोर हवेत तरंगत होती, दोन्ही स्वल्पविरामांसकट.

“नरसय्या, राहू दे ते.”

“सर, तुमचं नाव—”

“माहीत आहे.”

“मग पाच नंबर न्यावा लागेल. तो लाल आहे. भावाकडे आहे, सुताच्या पेटीवर झाकण म्हणून घातलाय.” तो जरा अडखळला. “संग्राहक म्हणून त्याचं नाव पडेल.”

“पडू दे,” मी म्हणालो. इतकं जड वाक्य मी वर्गातही कधी बोललो नव्हतो.

सोजरबाई खाटेवर आडवी झाली. एक हात खाली सोडला, बोटं फरशीच्या जरा वर राहतील असा. पाच मिनिटांत तिला झोप लागली. चित्र पुन्हा टांगायला आम्हा कोणाचा हात उठेना. ते जिथे होतं तिथेच राहिलं, फरशीला लागून.

नरसय्याने चादरीची घडी केली. दार पलीकडे होतं आणि वाट चित्रापुढूनच जात होती. तो थोडा वेळ उभा राहिला. मग माझ्याकडे न बघता खाली वाकला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, घडी डोक्यावर धरली आणि सावकाश निघाला. अर्ध्यावर थांबून त्याने पायाने जमीन चाचपली, आणि मग दुसरा पाय टाकला.