हिरवा जीवखडा

नीला दगडाला जीभ लावायची. हातातल्या कोरड्या, तपकिरी तुकड्याची फुटलेली बाजू ती हलकेच ओली करायची, आणि टिकलीएवढ्या त्या ओलाव्यात गर्द हिरवा रंग उमलून यायचा. मग दगडापुढे भिंग, भिंगाशी डोळा आणि दगडावर खिडकीतलं कोवळं ऊन असं सगळं एका रेषेत आणून ती श्वास रोखून उभी राहायची. लग्नानंतर हे प्रथम पाहिलं तेव्हा आईने मला स्वयंपाकघरात बोलावून हळूच विचारलं होतं, "तिला जेवण पुरत नाही का रे आपल्याकडे?" ओला केल्याशिवाय दगडाचा खरा रंग दिसत नाही, एवढीच गोष्ट होती. आजही माझी बायको आठवते ती एक डोळा मिटलेलीच.

ती भूशास्त्र शिकवायची. मी विम्याच्या कचेरीतला माणूस. दिवे घाटात रुंदीकरणासाठी कापलेल्या कातळापाशी ती गाडी थांबवायला लावायची आणि मी घड्याळ पाहत बसायचो. पण तो हिरवा दगड मलाही पाठ झाला होता. तरुणपणी तिने तो लडाखहून पाठीवर वाहून आणलेला, आकाराने मुठीएवढा आणि वजनाला भलताच जड. आपल्या पुण्याखालचा काळा पाषाण म्हणजे वितळून वर आलेला लाव्हा. हा मात्र पृथ्वीच्या कवचाच्याही खालच्या प्रावरणातला, घनरूपातच वर आलेला. हिमालयाच्या जागी समुद्र होता तेव्हा हा त्याच्या तळाखाली निजलेला होता. भारतभूमी उत्तरेकडे सरकत गेली, समुद्र मिटत गेला, त्याचा बहुतेक तळ पुन्हा धरणीच्या पोटात गेला, आणि त्यातला थोडासाच भाग रेटा सोसत भूमीच्या काठावर चढून बसला. घरी आलेल्या प्रत्येकाला चहाबरोबर हे ऐकावंच लागे. शेवटी दगड तळहातावर तोलत ती म्हणायची, "बुडायचा तो राहिला बघा." तिच्या आवाजात तेव्हा एखादं लेकरू दुखण्यातून उठल्याचा आनंद असायचा.

एरवी ती फार कडक होती. एका विद्यार्थ्याने सहलीत हरवलेल्या नमुन्याच्या जागी भलताच दगड ठेवला, तेव्हा ती ओरडली नाही. "हरवला तर हरवला म्हणा," एवढंच म्हणाली, "पण एकाच्या नावावर दुसरा ठेवायचा नाही." तो मुलगा पुढे कित्येक वर्षं दिवाळीला घरी यायचा आणि दारातच हे वाक्य तिला म्हणून दाखवायचा.

गेल्या शरदात ती अंथरुणाला खिळली. बाहेर ऊन स्वच्छ, सोनेरी, आणि आत तिचा आवाज दिवसेंदिवस विरळ होत चाललेला. पाणी गिळवेना म्हणून मी ओल्या कापसाने तिचे ओठ टिपायचो. मग ती डोळ्यांनी उशाकडे खुणावायची, आणि तोच कापूस मी दगडावरून फिरवायचो. हिरवा रंग उमटला की ती डोळे मिटायची. एका दुपारी रंग उमटला आणि तिने पाहिलाच नाही.

स्मशानात मडक्याला भोक पाडायला गुरुजींनी दगड मागितला. कोणी पायाखालचा खडा उचलू लागलं, तेव्हा मी खिशातून तिचा दगड काढून दिला. निदान दगड तरी तिच्या ओळखीचा असावा, एवढंच मनात होतं. असल्या विधींतलं मला काही कळत नाही. मडकं फोडलेला तो दगडच जीवखडा होतो, गेलेल्या माणसाचा जीव दहाव्यापर्यंत त्याच्यात असतो, एवढं मला सांगितलं गेलं आणि फार बरं वाटलं. पांढऱ्या फडक्यात गुंडाळून तो मी गॅलरीत ठेवला. रोज सकाळी त्याच्याशेजारी चहा घेतला. दहाव्यानंतर तो पुन्हा तिच्या टेबलावर ठेवायचा, असं मी मनाशी धरून चाललो होतो.

दहाव्याला मुठेच्या घाटावर गुरुजी म्हणाले, "आता हा पाण्यात सोडा."

"परत न्यायचा नसतो?"

"अहो, परत कुठला न्यायचा? त्यांना जाऊ द्या की आता!"

माझे हात फडक्यावरून हलेनात. माझी बहीण शरयू जवळ सरकली. "दादा, खिशात घाल तो. मी इथलाच एक देते तुला. कोण बघतंय?" तिच्या मुठीत काळा खडा तयार होता. देवाशपथ सांगतो, मला तिचा दगड हवा होता. आयुष्यात कुठलीच वस्तू मला इतकी हवीशी झाली नव्हती.

"नको," मी म्हणालो. "एकाच्या नावावर दुसरा ठेवलेला तिला चालायचा नाही."

वाकून दगड पाण्याला लावला. मुठेचं पाणी आता कुठे पाणी राहिलंय. तरी त्या गढूळ, जलपर्णीने वेढलेल्या पाण्यातही तो भिजताच हिरवागार झाला, तिच्या जिभेखाली व्हायचा तसाच. मग मी बोटं उघडली.

तिथे आता सगळा काळा पाषाण आहे, आणि त्यात तो एकटा. कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्राबरोबर बुडायचा राहिलेला तो दगड शेवटी माझ्या हातून बुडाला. कधीतरी नदी आटेल, कोणीतरी तो उचलून ओला करेल, एक डोळा मिटून भिंगातून पाहील, आणि पृथ्वीच्या पोटातला हा तुकडा इथवर कुठल्या रेट्याने आला असेल याचा विचार करत उभं राहील; तेव्हा सांगायला ती नसेल, आणि मीही नसेन.