मडिवाळप्पाची मिशी

"काय मडिवाळप्पा, तुमचा अणू झोपला का?"

डाळमिलचे मालक गुरुबसप्पा ओट्यावर बसून विचारत होते. बंद पडलेल्या चाळणीच्या पट्ट्यावर हात ठेवून मडिवाळप्पा उभा होता. लाइट सकाळीच गेली होती. मिलभर उडालेली तुरीची धूळ आता सावकाश खाली बसत होती आणि हमाल पोत्यांवर आडवे झाले होते. मडिवाळप्पाला मात्र बसवत नव्हतं. मोटारीकडे जायचा, कुठलातरी नट चाचपायचा, परत यायचा.

"तारापूरच्या भट्टीला अमेरिकेचं इंधन लागतंय, मालक," तो म्हणाला. "त्यांनी हात आखडलाय. आता फ्रान्स देणार म्हणून रेडिओवर सांगायलेत."

"म्हणजे अमेरिकेनं नळ बंद केला की लातुरात माझी चाळण बंद?"

"इतकं सरळ न्हाई ते. लाइट जायला धा कारणं हाईत. त्यातलं एक ते बी हाय."

"पण कामून बंद केला त्यांनी?"

"आपण पोखरणला स्फोट केला न्हाई का? तवापासून बिनसलंय."

"त्याला किती वर्षं झाली!"

"राग लई टिकतो त्यांच्यात."

गुरुबसप्पा हसले आणि त्यांनी मिलला सुट्टी दिली.

या मिलमध्ये फिटर म्हणून लागून मडिवाळप्पाला दोन महिनेही झाले नव्हते. त्याआधी तो राजस्थानात, चंबळच्या काठी, अणुवीज केंद्राच्या बांधकामावर वेल्डर होता. ऐन पंचविशीत गेला तो चाळिशीला टेकताना परत आला. लातुरात त्याला 'अणूवाले' असं नाव पडलं होतं, आणि लाइट गेली की लोक त्यालाच जाब विचारत.

गंजगोलाईच्या गोल बाजारामागच्या गल्लीत दोन खोल्यांचं घर होतं. वडील महादेवप्पा, बायको रुद्राणी आणि लेक सिंधू. सिंधूला तेरावं सरून चौदावं लागलं होतं. तिला ऐकू येत नव्हतं.

"गुरुबसप्पा मनले, अमेरिकेनं नळ बंद केला की माझी चाळण बंद," मडिवाळप्पानं घरात शिरता शिरता सांगितलं. रुद्राणी हसली. सिंधूनं डोळे बारीक करून बापाच्या तोंडाकडे पाहिलं, आणि मग आईकडे. रुद्राणीनं तेच वाक्य तिच्याकडे वळून, सावकाश, ओठांनी सांगितलं. तेव्हा सिंधू हसली.

रोज असंच चाले. त्याचा शब्द लेकीकडे जायचा तो रुद्राणीच्या तोंडून. गल्लीतल्या बायकांशी, दूधवाल्याशी सिंधू ओठ बघून धडाधड बोले. बापाशीच नाही. आपल्यावर ती रागावलेली आहे, असं त्यानं मनाशी धरून ठेवलं होतं. तिच्या रागाला कारण नव्हतं असंही त्याला म्हणता येत नव्हतं.

बहात्तरच्या दुष्काळात रुद्राणी तीन वर्षांच्या सिंधूला घेऊन जळकोटजवळच्या गावी सासऱ्यांपाशी होती. विहिरी तळाला गेल्या, सगळं गाव खडी फोडायला गेलं, आणि त्याच दिवसांत पोरीला मेंदूत ताप चढला. गाडी मिळून उदगीरचा दवाखाना गाठेपर्यंत फार उशीर झाला होता. पोरगी वाचली. मडिवाळप्पा तेव्हा चंबळच्या तुडुंब धरणाशेजारी काम करत होता. तार मिळाल्यावर तो आला आणि दोघींना केंद्राच्या कॉलनीत घेऊन गेला.

ते केंद्र कॅनडाच्या मदतीनं उभं राहत होतं. नकाशे तिकडचे, यंत्रं तिकडची, शिकवणारी माणसंही तिकडची. मडिवाळप्पाचा फोरमन केन तिकडचाच. त्याच्या बायकोचं नाव डोरीन. एकदा सगळे तिच्या घरी असताना तिच्या हातून ताटली पडली. सगळ्यांनी माना वळवल्या, सिंधूनं वळवली नाही. तोवर पोरगी अबोल झालीय एवढंच घरात वाटत होतं. डोरीननं तिला दिल्लीला तपासून आणलं आणि स्वतःच्या भावाकडून कानाचं यंत्र मागवलं. गळ्यात छोटी डबी, तिच्यातून कानात जाणारी तार. यंत्र लावल्यावर काही दिवसांनी पोरीनं बापाची भरघोस मिशी मुठीत धरली आणि म्हणाली, "बाबा." त्या रात्री मडिवाळप्पा जेवला नाही. त्याला भूकच राहिली नव्हती.

डबीतले सेल मात्र कॅनडाहून यायचे. इकडे त्या मापाचे मिळत नव्हते.

मग चौऱ्याहत्तरच्या मे महिन्यात पोखरणला स्फोट झाला. कॉलनीत पेढे वाटले गेले. मडिवाळप्पा आणि रुद्राणी पेढे घेऊन केनकडे गेले. डोरीननं दार उघडलं, पण पेढ्याला हात लावला नाही.

"आम्ही वीज करायला शिकवलं होतं तुम्हाला," केन आतून हिंदीत म्हणाला. "याच्यासाठी नाही."

मडिवाळप्पाला वेल्डिंगच्या सांध्यापलीकडचं काही माहीत नव्हतं. स्फोटाचा माल कुठून आला, कुणी कुणाला कसला शब्द दिला होता, हे त्याच्या कानावर कधी पडलं नव्हतं. छाती भरून आली होती हे खरं. आणि समोरच्या माणसाच्या डोळ्याला डोळा देववत नव्हता हेही खरं.

कॅनडानं मदत थांबवली. थोड्या आठवड्यांत कॅनेडियन बंगले रिकामे झाले. जाताना डोरीननं सेलांचा डबा रुद्राणीच्या हातात दिला. "हे सरकारांचं भांडण आहे," ती म्हणाली, "सेल मी पाठवीन." तिनं एकदा पाठवले. पुढं काय झालं कुणास ठाऊक. पत्ता बदलला असेल, पार्सल कुठं अडलं असेल. आलं नाही एवढं खरं.

रुद्राणी सेल पुरवून पुरवून वापरू लागली. सकाळी थोडा वेळ यंत्र लावायचं, बाकी दिवस बंद. तेही संपले तेव्हा मडिवाळप्पानं बॅटरीचे देशी सेल जोडून पाहिले. यंत्र चाललं, पण असं घरघरायला लागलं की पोरीनं तार कानातून उपसून फेकली.

कामावरही तीच तऱ्हा होती. दुसरं युनिट अर्धवट पडलेलं. नकाशे होते, पण अडलं तर विचारायला माणूस नव्हतं. सुटे भाग आपल्याच कारखान्यांतून करून घ्यायचे, बसले नाहीत तर परत करायचे. एक सांधा दोनदा, तीनदा उतरवावा लागे. भट्टीला लागणारं जड पाणी पुढं रशियातून आलं. सुट्टीत घरी आल्यावर मडिवाळप्पानं ते कौतुकानं सांगितलं, तर महादेवप्पा म्हणाले, "पाणी हलकं कुठं असतंय बाबा? रुद्राणीला इचार."

लातुरात नागम्माबाई नावाच्या मिशनच्या जुन्या शिक्षिका बहिऱ्या मुलांना ओठ वाचायला शिकवतात, असं रुद्राणीच्या कानावर आलं. तिनं ट्रंक भरली.

"तुम्ही बी चला," ती म्हणाली.

"आत्ता कसं? युनिट उभं राहू दे. सगळेच निघाले तर कोण करणार?"

"सगळ्यांचं मी इचारलंच न्हाई. तुमचं इचारलं."

तो गेला नाही. गावचं छोटं किराणा दुकान बंद करून महादेवप्पा सुनेच्या सोबतीला लातुरात आले. दिवाळीला मडिवाळप्पा यायचा, लेकीसाठी फ्रॉक आणायचा, चार दिवस पाहुण्यासारखा राहायचा. दुसरं युनिट सुरू होऊन वीज बाहेर पडली तेव्हा त्यानं आपल्या हातांकडे पाहिलं, आणि त्याला घराची अशी ओढ लागली की राजीनामा देऊनच तो निघाला.

लातूर जिल्हा झाला तो ऑगस्ट कोरडाच होता. पावसानं ओढ दिलेली, पण त्या दिवशी गोलाईत कमानी, पताका, ताशे, गुलाल. उस्मानाबादला खेटे घालायचे संपले म्हणून माणसं खूश होती. मडिवाळप्पा सिंधूला घेऊन मिरवणूक बघायला गेला. दोघंच बाहेर पडण्याची ती पहिलीच वेळ.

बांगड्यांच्या गाड्यापाशी सिंधू थांबली. तो रस्त्याच्या अल्याड होता. कर्णे बांधलेली एक जीप गर्दीतून मागं यायला लागली, थेट तिच्या पाठीवर.

"सिंधू, मागं बघ! सर बाजूला!" तो ओरडला.

तिनं त्याच्याकडे पाहिलं. सरळ त्याच्या तोंडाकडे, कपाळाला आठी घालून. तो हात हलवत होता, ओरडत होता. आणि तिनं रोजच्या सवयीनं मान वळवून आईला शोधलं. आई तिथं नव्हती. जीपचा मागचा कोपरा तिच्या दंडाला लागला आणि ती पडली.

हाड मोडलं होतं. दवाखान्यातून प्लास्टर घालून आणल्यावर सिंधू झोपली, तेव्हा मडिवाळप्पा चुलीपाशी येऊन बसला.

"माझ्याकडंच बघत होती ती," तो म्हणाला. "बघून बी ऐकलं न्हाई. इतका राग हाय तिला?"

रुद्राणी भाकरी थापत होती.

"राग न्हाई," ती म्हणाली. "तिला तुमचं बोलणं दिसतच न्हाई. वरचा ओठ मिशीत झाकतोय सगळा. नागम्माबाईंनी मला कवाच सांगितलं होतं."

"मग मला कामून सांगितलं न्हाईस?"

"काय सांगू? सासरे जिते असताना नवऱ्याला मिशी काढा मनू?" तिनं भाकरी तव्यावर टाकली. "आन् तुम्ही येणार चार दिवस. चार दिवसांसाठी कशाला, मनलं."

सकाळी तो केरबा न्हाव्याच्या दुकानात गेला. मिशी काढायची म्हटल्यावर केरबानं वस्तरा खाली ठेवला.

"कवा गेले महादेवप्पा?"

"हाईत. घरी हाईत."

"मग मी न्हाई हात लावणार. बाप जिता असताना असलं पाप माझ्या हातानं नको."

मडिवाळप्पा घरी आला, अंगणात आरसा टेकवला आणि स्वतःच मिशी काढली. लिंगायतांत बापामागं मिशी काढलीच पाहिजे असा काही कडक नेम नव्हता. पण ज्या मुलखात जन्म गेला तिथली समजूत अंगात मुरलेलीच असते. महादेवप्पा पूजा आटोपून बाहेर आले, मुलाकडे बघत उभे राहिले.

"मला जित्यापणी पोचवलास की रे," एवढंच ते बोलले आणि बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडले. दुपारी त्यांनी ताट परत पाठवलं.

दिवेलागणीला पुन्हा लाइट गेली. रुद्राणीनं कंदील लावला. सिंधूनं तो चांगल्या हातानं उचलून बापापुढं ठेवला आणि त्याच्या तोंडासमोर बसली. नव्यानं उघडी पडलेली, बाकीच्या चेहऱ्यापेक्षा उजळ अशी ओठावरची पट्टी तिनं बोटानं चाचपली. मग तिच्या सपाट, एका सुरातल्या आवाजात विचारलं,

"तुम्ही आमच्यासंगं का आला नाहीत?"

हा प्रश्न तिनं आईकडून विचारून घेतला नव्हता.  नागम्माबाईंसारखं सावकाश बोलायचं मडिवाळप्पानं ठरवलं.

"काम अर्धं होतं. ती माणसं सोडून गेली. आम्ही बी गेलो असतो, तर ते तसंच पडलं असतं."

सिंधूनं ओठ वाचले. 

"मी पण अर्धी होते," ती म्हणाली.

 सिंधू थांबली होती, त्याच्या ओठांवरची नजर न काढता.

"व्हय," तो म्हणाला. "चुकलं माझं."

"परत बोला. कळलं नाही."

कळलं होतं की नव्हतं कोण जाणे. त्यानं परत सांगितलं. बाजेवर महादेवप्पांची कूस वळल्याचा आवाज झाला.

दुसऱ्या दिवशी तो मिलवर निघाला तर कोपऱ्यावरचा पानवाला बसलिंगप्पा दुकानातून उतरून खाली आला. "कळवलं बी न्हाई, मडिवाळप्पा. चांगला माणूस होता." पुढं तेलाच्या दुकानापाशी दोघांनी हळहळत हात धरले. कुणी गेलेलं नाही असं सांगितलं तर, दुःखानं माणूस असं बोलतंय, म्हणून ते आणखी कळवळले. शेवटी मिलचा नाद सोडून तो अर्ध्या वाटेतून घरी आला. तर दारात शेजारचे शेषेराव डोक्याची टोपी हातात घेऊन उभे. समाचाराला आले होते. दार महादेवप्पांनीच उघडलेलं होतं.

शेषेराव गडबडीनं निघून गेल्यावर महादेवप्पा आत आले. मग म्हणाले, "रुद्राणी, माझा धुवट पटका काढ."

"कशाला अप्पा?"

"काढ मनलं ना."

गुडघ्यांमुळं त्यांनी उन्हाळ्यापासून अंगणाबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. त्यांनी कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे ओढले, पटका बांधला आणि काठी घेतली. "चल," ते मुलाला म्हणाले, "मिलपतोर जाऊ."

सिंधूनंही चपला घातल्या. तिघं गोलाईतून निघाले. जिल्हा झाल्याच्या कमानी अजून उभ्या होत्या, पताका धुळीनं माखल्या होत्या. बसलिंगप्पाच्या पानठेल्यासमोर महादेवप्पा थांबले. "शरणार्थ," नमस्काराचा हात उचलून ते मोठ्यानं म्हणाले. बसलिंगप्पा चुन्याचा हात तसाच धरून उभा राहिला. पुढं तेलाचं दुकान, तिथंही शरणार्थ. केरबा न्हाव्याच्या दारात तर ते आत डोकावून त्याची खुशाली विचारून आले.

चौकाशी येईतो त्यांना धाप लागली. मडिवाळप्पा म्हणाला, "अप्पा, बसा जरा."

"बसतो कशाला?" म्हाताऱ्यानं त्याच्या खांद्याचा आधार घेतला. "ती अडतीची दुकानं राहिलीत अजून."

सिंधू प्लास्टरचा हात पोटाशी धरून पुढं चालत होती. मधूनमधून वळून ती आधी आज्जाच्या ओठांकडे बघे, आणि मग बापाच्या.