काळी दोन

"ती पेटी उघडू नकोस," होडेकर म्हणाले, पण तोवर प्राचीने खटके काढले होते.

हॅम्बर्गच्या आल्टोना भागातल्या चर्चच्या सभागृहात अजून खुर्च्या लागायच्या होत्या. भास्करबुवा यायचे होते. सतरंजीवर होडेकरांची जुनी पेटी हिरवा अभ्रा काढून ठेवलेली, आणि तिच्या शेजारी प्राचीची नवीकोरी, गेल्याच महिन्यात पुण्याहून विमानाने आलेली. प्राची इथल्या विद्यापीठात पीएचडी करत होती आणि पुढच्या महिन्यापासून बुवांच्या कीर्तनाला साथ करणार होती.

"का हो काका? आज तुमचं इथलं शेवटचं कीर्तन. मला वाटलं, दोघं मिळून वाजवू. बुवांनाही बरं वाटेल."

"एका बैठकीत दोन पेट्या ठेवत नाहीत."

"असं कुठे असतं?" ती हसली. दोन्ही पेट्यांचे भाते भरून तिने आपल्या पेटीची काळी दोन दाबली आणि दुसऱ्या हाताने, गंमत म्हणून, होडेकरांच्या पेटीची.

दोन सूर एकमेकांच्या अंगावर धावून गेले. प्राचीने हात उचलला. मग एकेक करून पुन्हा वाजवून पाहिलं.

"काका, तुमची पेटी उतरलीय. थोडीथोडकी नाही. काळी दोन दाबली की काळी एक वाजतेय."

"उतरली नाही," होडेकर दाराकडे बघत हळूच म्हणाले. "उतरवलीय. ती तुझी बंद कर आधी."

शरफुद्दीन होडेकर मूळचे दाभोळच्या खाडीकाठचे. पेटी शिकले ती गावच्या नाटकमंडळीत, तालमीला येणाऱ्या मास्तरांच्या पायाशी बसून. पुढे बोटीवर फिटर म्हणून लागले, हॅम्बर्गला उतरले, इथल्याच एका गोदीत दुरुस्तीच्या कामावर राहिले आणि बायकोला, रुकय्याला, बोलावून घेतलं. एल्बे नदीच्या पलीकडे, फिंकनवेर्डरला, दोन खोल्यांचं घर. गोदीतल्या कुणाला ठाऊकही नव्हतं की हा माणूस पेटी वाजवतो.

भास्करबुवांना मात्र कुणीतरी सांगितलं. बुवा दिवसा जहाजांच्या विम्याच्या कचेरीत बसत, पण घराणं कीर्तनकारांचं. वडिलांचा झांजांचा जोड त्यांनी सुटकेसमध्ये घालून जर्मनीत आणला होता. साथीला पेटीवाला मिळेना. एका रविवारी ते फेरीबोटीत बसून पलीकडे गेले आणि होडेकरांच्या दारात उभे राहिले. रुकय्याने सांदणं पुढे केली. बुवांनी दोन खाल्ली, तिसरं घेतलं आणि मग चाचरत म्हणाले, "होडेकर, देवाच्या नावाचं काम आहे हो. तुम्हाला चालेल ना?"

"नाव देवाचंच आहे ना?" होडेकर म्हणाले. "मग मी कोण नको म्हणणारा? फक्त माझी मगरीबची, दिवस मावळल्यावरची, नमाज चुकायला नको."

"नाही चुकणार," बुवा म्हणाले.

आणि ती कधी चुकली नाही. कीर्तनाचा पूर्वरंग संपला की मध्यंतर होतं, बुवांना हार घालतात, मग उत्तररंगात आख्यान लागतं. बुवांनी ते मध्यंतर सूर्याला बांधून टाकलं. आता हॅम्बर्गचा सूर्य म्हणजे लहरी पाहुणा, जूनमध्ये उठता उठत नाही आणि डिसेंबरमध्ये बसता बसत नाही. त्यामुळे उन्हाळ्यात आख्यानसुद्धा संपून जाई तरी बाहेर ऊन, आणि हिवाळ्यात बुवांचं वैराग्य अर्ध्या तासात आटपायचं. "आज परमार्थ लवकर उरकला," असं मंडळी चहाच्या रांगेत म्हणायची. बुवांचं लक्ष खिडकीकडे असे. काचा निळसर झाल्या की हातातल्या झांजा खाली ठेवून ते होडेकरांकडे नुसतं पाहत. होडेकर उठत, कोट टांगायच्या बाजूच्या खोलीत जात. सभागृहात तेवढा वेळ कुणी मोठ्याने बोलत नसे. हा नियम कुणी केला नव्हता. पडून गेला होता.

कीर्तन ज्याने मनापासून ऐकलं आहे त्याला सांगायला नको, बुवा पुढे उभे असतात पण त्यांचा श्वास पेटीवाल्याच्या डाव्या हातात असतो. बुवांची पट्टी काळी दोन. वडीलही त्याच पट्टीत गात. सुरुवातीला पेटीकडे वळून, कळीवर बोट टेकलेलं डोळ्यांनी पाहून, "काळी दोन" असं ते म्हणत, आणि मगच नमन सुरू होई.

चार वर्षांपूर्वी बुवांची बायपास झाली. त्यानंतरच्या पहिल्याच कीर्तनात, पदाच्या अंतऱ्यात, वरच्या षड्जाला आवाज फाटला. पुन्हा घेतला, पुन्हा फाटला. बुवांनी पाणी मागितलं. प्यायले, आणि उरलेलं कीर्तन बोलून पूर्ण केलं, न गाता. टाळ्या नेहमीपेक्षा जास्त पडल्या. त्या टाळ्यांच्या वेळचा बुवांचा चेहरा होडेकरांना फेरीत दिसत राहिला. खालच्या पट्टीत गा, असं या माणसाला सांगायचं कुणी? काळी दोन सोडायची म्हणजे बुवांना वडिलांचं घर सोडल्यासारखं. ते गाणंच सोडतील.

दुसऱ्या दिवसापासून होडेकर कामावरून आले की केलरमध्ये जाऊन बसू लागले. इमारतीखालचं तळघर, सायकली, कोळशाचा जुना वास. पेटी उघडून पितळी सूरपट्ट्या एकेक करून काढायच्या. पट्टी टोकाशी घासली की सूर चढतो, मुळाशी घासली की उतरतो. बारीक कानस, एक हात, मग कानाशी धरून वाजवून बघणं, मग आणखी एक हात. रुकय्या तेव्हा होती. वरून हाक मारायची, "अहो, जहाज दुरुस्त करताय की पेटी?"

"दोन्ही," होडेकर खालून म्हणायचे.

अर्धा सूर पहिल्या हिवाळ्यात उतरला, अर्धा दुसऱ्या. बुवा वळत, बोट काळी दोनवर पाहत, समाधानाने मान हलवत आणि गात. "आवाज परत आला बरं का, होडेकर," असं ते एकदा म्हणालेही. तबल्यावर बसणाऱ्या चारुदत्तने मात्र एक दिवस मोठ्या तोंडाचा, खालच्या सुराचा तबला देशातून मागवला आणि कारण कुणाला सांगितलं नाही. होडेकरांनीही विचारलं नाही.

पट्ट्या घासल्याची ही हकिकत प्राचीने होडेकरांकडून खाली मान घालून ऐकली.

"आणि बुवांना अजून माहीत नाही?"

"नाही."

"मग आता? मी माझी पेटी घेऊन बसले की..."

"म्हणून म्हणतो, तुझी घरी ठेव. ही वाजवत जा. ही इथेच राहील."

"पण तारिकदादा म्हणाला, पेटी तुम्ही नेणार आहात. तिच्यासाठी कंटेनरमध्ये जागासुद्धा ठेवलीय त्याने."

जागा ठेवली होती, हे खरं. होडेकरांचा मुलगा तारिक, हॅम्बर्गमध्ये जन्मलेला, विमानाच्या कारखान्यातला इंजिनिअर. बायको आणि मुलगी हानिया यांच्यासह तो क्वालालंपूरला निघाला होता, कायमचा. तिथे नोकरी मिळाली होती. पण नोकरी तर इथेही होती.

"तुला इथे कुणी काही बोललं का?" होडेकरांनी त्याला उन्हाळ्यात विचारलं होतं.

"नाही, अब्बा. तसं काही नाही." तारिक अर्धं मराठी, अर्धं जर्मन बोलायचा. महत्त्वाचं बोलायचं असलं की शब्द शोधत मराठीत यायचा. "लोक चांगले आहेत. पण ते मनोरे पडले त्या सप्टेंबरनंतर, कुठेही गेलो ना, आधी मला हसावं लागतं. लिफ्टमध्ये, दुकानात. मी हसलो की मग ते हसतात. हानियाने पण आता तसं हसायला शिकायचं का? तिला अजान ऐकू दे. आणि ती ऐकताना आजूबाजूला कुणी दचकायला नको."

होडेकरांनी स्वतः इथे पस्तीस वर्षं काढली होती आणि हसण्याचा हिशोब कधी केला नव्हता. पण नात सहा वर्षांची होती, आणि रुकय्या दोन वर्षांपूर्वी गेली होती. रिकाम्या घरात मागे राहून ते करणार काय?

परवा तारिकने स्वतः पेटीसाठी उशा बाजूला काढल्या होत्या. "अब्बा, ही मी हातानेच पॅक करतो. अम्मीने अभ्रा शिवलाय, तो वर राहू दे."

आता होडेकर प्राचीला म्हणाले, "जागेत दुसरं काहीतरी बसेल. सामान काय कमी आहे?"

"काका, ही पेटी काकूंच्या..."

"बुवा आले," होडेकर म्हणाले.

बुवा दारात मफलर सोडत उभे होते. मागे त्यांच्या पत्नी लतिकाकाकू, हातात हारांची पिशवी. बुवांनी सतरंजीकडे पाहिलं.

"दोन-दोन पेट्या? लग्न आहे का कुणाचं?"

प्राचीने आपल्या पेटीचं झाकण लावलं.

"नाही हो बुवा. माझ्या पेटीचा एक सूर अडकतोय. प्रवासात काहीतरी झालं. काका म्हणाले, त्यांची ठेवून जातील माझ्यासाठी."

"असं म्हणाले?" बुवा होडेकरांकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले. "बरं. चला, खुर्च्या लावा."

त्या दिवशी पहाटेच हिवाळ्याच्या वेळेसाठी घड्याळं तासभर मागे गेली होती. साडेतीनला नमन लागलं. बुवा वळले, बोट पाहिलं, म्हणाले, "काळी दोन." निरूपणात ते सोबतीबद्दल बोलले. परमेश्वराने माणसाला एकट्याने गाता येईल असा गळा दिला, पण एकट्याने ऐकू येईल असा कान दिला नाही, म्हणून शेजारी कुणीतरी लागतं, असं काहीसं. पाच वाजायच्या आत काचा निळ्या झाल्या. बुवांनी झांजा ठेवल्या. होडेकर उठून बाजूच्या खोलीत गेले आणि टांगलेल्या ओल्या कोटांच्या ओळीपाशी रुमाल अंथरून उभे राहिले. या खोलीत, या कोटांपाशी, किती मगरीब झाल्या असतील! सजद्यात कपाळ टेकलं तेव्हा भिंतीपलीकडची शांतता त्यांना ऐकू आली. आज ती नेहमीपेक्षा खोल होती.

उत्तररंगात बुवांनी नावाड्याचं आख्यान लावलं. आयुष्यभर लोकांना पलीकडे नेऊन सोडणारा आणि स्वतः कुठल्याच काठावर घर न बांधलेला एक नावाडी, आणि एक दिवस देवच त्याच्या नावेत येऊन बसतो. शेवटच्या पदात बुवांनी वरचा षड्ज लावला. तो लागला, थोडा थरथरला, आणि होडेकरांनी भाता सैल न सोडता खालून भरून धरला. सूर उभा राहिला. पुढच्या रांगेतल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले.

आरती झाली, प्रसाद वाटला, निरोपाची भाषणं झाली. तारिक खाली गाडी घेऊन आला होता. होडेकरांनी हिरवा अभ्रा उचलला, पेटीवर घालायला म्हणून. मग थांबले, त्याची नीट घडी केली आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. पेटी उघडीच प्राचीच्या हवाली केली.

कोटांच्या खोलीत बुवा त्यांची वाट बघत होते.

"होडेकर, एक काम राहिलंय तुमचं."

"सांगा ना, बुवा."

"मला आता काळी एकसुद्धा जड जाते हो."

होडेकरांचा हात कोटाच्या बटणावर तसाच राहिला.

"निघायच्या आधी पोरीला कानस धरायला शिकवून ठेवा," बुवा म्हणाले. "पुढच्या हिवाळ्यापर्यंत अर्धा सूर तरी लागेल."

होडेकरांनी विचारलं, "कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी. घरी मी इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्यावर रियाज करतो. त्या यंत्राला काय माझी भीड?"

"मग बोलला नाहीत कधी."

"तुम्ही तळघरात बसून एवढ्या पट्ट्या घासल्यात. त्यावर बोलायचं काय? गायचं तेवढं माझ्या हातात होतं, ते केलं." बुवांनी मफलर गुंडाळला. "वडील म्हणायचे, काळी दोन सोडू नकोस. मी सोडली नाही. तुम्ही तीच जरा खाली आणून ठेवलीत, माझा हात पोचेल अशी."

खाली तारिकने हॉर्न वाजवला, अगदी हलकेच. बुवांनी होडेकरांना मिठी मारली नाही, तशी त्यांची रीत नव्हती. होडेकरांच्या कोटाची कॉलर एका बाजूला दुमडली होती, ती सरळ केली.

निघण्याआधीच्या आठवड्यात प्राची दोनदा फेरीने पलीकडे गेली. केलरमध्ये बसून तिने तीन पट्ट्या बिघडवल्या आणि चौथी जमवली.

नोव्हेंबरच्या कीर्तनाला पाऊस होता, तरी खुर्च्या भरल्या. प्राची पेटीवर, चारुदत्त तबल्यावर. बुवा वळले, बोट पाहिलं, नमन झालं, निरूपण लागलं. विषय रंगात आला होता, मंडळी हसत होती, आणि चारच्या सुमाराला काचा निळसर होऊ लागल्या. बुवांचं वाक्य अर्ध्यात राहिलं. त्यांनी झांजा खाली ठेवल्या आणि उजवीकडे, पेटीकडे, पाहिलं.

प्राचीने कळांवरून हात उचलले. कुणीतरी हार घेऊन उठायला निघालं, तर लतिकाकाकूंनी हातानेच बसा म्हटलं. कुणी चहाला उठलं नाही. बाजूच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं आणि आत नुसते ओले कोट टांगलेले दिसत होते. सगळे गप्प बसून राहिले, एक नमाज व्हायला लागतो तेवढा वेळ.

मग बुवांनी झांजा उचलल्या, आणि प्राचीने भाता धरला.